शेवटच्या पायरीवरून

कोल्हापूरचे खासबाग मैदान मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा नऊ वर्षांचा होतो. पहाटेच्या बसने काका मला धारवाडहून घेऊन गेले होते. आम्ही पोहोचलो तोवर मैदान भरत आले होते आणि आमच्या वाट्याला अगदी वरची, शेवटची पायरी आली. माझा चेहरा पडलेला पाहून काका म्हणाले, "इथंच बसू या. इथनं सगळं दिसतंय बघ." आणि खरेच सगळे दिसत होते. समोर फेट्यांचा आणि टोप्यांचा उतार होता, आणि त्या उताराच्या तळाशी, वाटीत ठेवल्यासारखा, तांबड्या मातीचा हौदा. पैलवानाने शड्डू ठोकला की त्याचा आवाज आमच्यापर्यंत येई. कोण वर आहे, कोण खाली, कोणाची पाठ मातीला लागायला आली आहे, हे पुढच्या रांगेतल्या माणसाला कळत होते त्याच क्षणी मलाही कळत होते.

पुढे कितीतरी वर्षांनी एका मोठ्या शहरातल्या काँक्रीटच्या स्टेडियमवर क्रिकेटचा सामना पाहायला गेलो. तिकीट महागडे होते. खुर्चीसमोर खांब होता, त्यामुळे गोलंदाज दिसला तर फलंदाज दिसत नव्हता. डोक्यावर दुपारचे ऊन होते. पाण्याच्या नळाशी झुंबड होती. बरोबर आलेली मावशी स्वच्छतागृहाच्या रांगेत पाऊण तास उभी राहिली आणि परत आल्यावर "मी आता घरी जाते" एवढेच म्हणाली. आम्ही सगळेच निघालो. त्या सामन्याचा निकाल आम्हाला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात कळला.

मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता. गॅलऱ्यांचे, जिन्यांचे, छपरांचे हिशेब करण्यात आयुष्य गेले. तरीही या दोन दिवसांमधले अंतर मला बरीच वर्षे नीट मांडता आले नाही. एका राजाने शंभर वर्षांपूर्वी मातीत खणलेल्या मैदानात शेवटच्या माणसाची सोय झाली होती, आणि सिमेंट, पोलाद, वीज सगळे हाताशी असताना बांधलेल्या इमारतीत ती झाली नव्हती. हे का झाले, याचा शोध म्हणजे हे पुस्तक. त्या शोधातून जे हाती लागले ते एका वाक्यात सांगतो: क्रीडांगणाची परीक्षा शेवटच्या पायरीवर होते. पहिल्या रांगेची सोय कोणीही करतो. शेवटच्या पायरीवरच्या माणसाला दिसते का, त्याला सावली मिळते का, पाणी मिळते का, आणि खेळ संपल्यावर तो सुखरूप घरी पोहोचतो का, यावरून त्या वास्तूची किंमत ठरते.

खासबागेपासूनच सुरुवात करतो. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण सोहळ्यासाठी युरोपात गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन कलोसियम पाहिले, आणि कुस्तीसाठी तसेच गोलाकार, उतरत्या बैठकीचे मैदान आपल्या राजधानीत असावे हे त्यांच्या मनाने घेतले. १९१२ मध्ये खासबाग तयार झाले. शेजारीच पॅलेस थिएटर उभे राहिले आणि १९१५ मध्ये सुरू झाले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले.

हे नाव आम्हा हुबळी-धारवाडकरांना विशेष जवळचे आहे. केशवरावांनी आपली 'ललितकलादर्श' नाटक मंडळी १ जानेवारी १९०८ रोजी स्थापन केली ती आमच्या हुबळीत. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळात नटाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचला नाही, तर तो खेळ पडलाच म्हणून समजायचे. शेवटचा प्रेक्षक ही त्या मंडळींच्या पोटापाण्याची बाब होती. कुस्तीचे मैदान आणि संगीत नाटकाचे थिएटर शेजारी शेजारी उभे राहिले, यामागे राजाची हौस तर होतीच, पण एक जाणही होती. हौद्यातला पैलवान असो की रंगमंचावरचा गायक, त्याला पाहणारा-ऐकणारा माणूस हा त्या वास्तूचा खरा मालक असतो.

ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. कोल्हापुरात त्या रात्री माणसे रस्त्यावर उभी राहून रडली. एखाद्या वास्तूसाठी माणसे रडतात, तेव्हा तिने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या नीट बसवलेले असते.

खासबाग तयार झाले त्याच वर्षी, २० एप्रिल १९१२ रोजी, अमेरिकेत बॉस्टन शहरात फेनवे पार्क हे बेसबॉलचे मैदान अधिकृतपणे सुरू झाले. अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये आज वापरात असलेले ते सर्वांत जुने मैदान. एक मातीचे, एक पोलाद-काँक्रीटचे. एकाचा आश्रयदाता राजा, दुसऱ्याचे आश्रयदाते तिकीट काढून येणारे शहरवासी. या दोन समवयस्क वास्तूंना समोरासमोर ठेवले की क्रीडांगणाच्या रचनेचे जवळजवळ सगळे प्रश्न आपोआप पुढे येतात. म्हणूनच मराठी वाचकाला काहीसा परका असलेला बेसबॉल या पुस्तकात इतकी जागा घेतो. आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांतून सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळले जातात, पण या खेळासाठी खास बांधलेली मोठी स्टेडियम नाहीत. अमेरिकेत मात्र सव्वाशे वर्षे माणसे या एकाच प्रकारची वास्तू बांधत, चुकत, पाडत आणि पुन्हा बांधत आली आहेत. त्या चुका आपण फुकटात शिकू शकतो.

आधी मैदानाची ओळख. क्रिकेटची खेळपट्टी मैदानाच्या मधोमध असते आणि चेंडू चहूकडे जातो, म्हणून प्रेक्षक भोवती कडे करून बसतात. बेसबॉलमध्ये फलंदाज एका कोपऱ्यात उभा असतो. तिथून दोन रेषा काटकोनात फाकतात आणि खेळ त्या दोन रेषांच्या आत चालतो. चार तळ मिळून एक चौकोन होतो, त्याची प्रत्येक बाजू ९० फूट. चेंडू फेकणारा फलंदाजापासून ६० फूट ६ इंचांवर. ही मापे सगळीकडे काटेकोर सारखी. पण मैदानाची बाहेरची हद्द किती लांब, भिंत किती उंच, हे ज्या त्या मैदानाचे वेगळे. फेनवे पार्कच्या डाव्या अंगाला रस्ता अगदी जवळ होता, जागा पुरेना, म्हणून तिथली भिंत सुमारे ३७ फूट उंच आहे. 'हिरवा राक्षस' या अर्थाच्या नावाने ती ओळखली जाते. अडचणीतून निघालेली ती भिंत आज त्या शहराचा अभिमान आहे.

दिशाही ठरलेली. फलंदाजाकडून फेकणाऱ्याच्या अंगावरून जाणारी रेषा साधारण पूर्व-ईशान्येकडे असावी अशी बेसबॉलच्या नियमांची शिफारस आहे, म्हणजे दुपारनंतरचा सूर्य फलंदाजाच्या पाठीशी राहतो आणि महागड्या बैठकांना सावली मिळते. क्रिकेटची खेळपट्टी दक्षिणोत्तर आखतात त्यामागेही सूर्य डोळ्यांवर येऊ नये हेच कारण आहे. पेन्सिल कागदावर टेकवण्याआधी आकाश पाहावे लागते, हा या विद्येचा पहिला धडा.

दुसरा धडा दिसण्याचा. आपण गॅलरीत बसलो आहोत. आपल्या डोळ्यांपासून मैदानाच्या सर्वांत जवळच्या कडेपर्यंत एक दोरी ताणली अशी कल्पना करा. ती दोरी पुढच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांच्या किती वरून जाते? ९० मिलिमीटर वरून गेली तर दृश्य चांगले. १२० असेल तर उत्तम. ६० च्या आसपास आली की माना वाकड्या करून, दोन डोक्यांच्या फटीतून पाहावे लागते. चार बोटांचा हा हिशेब आहे, पण हजारो माणसांचा आनंद त्यावर अवलंबून असतो. मागच्या रांगा मैदानापासून दूर जातात, त्यामुळे हीच चार बोटे राखायची तर प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा किंचित उंच करावी लागते. म्हणून चांगल्या गॅलरीचा उतार सरळ नसतो, तो वर जाताना हलकेच उभट होत जातो. आणि फार उभट झाला तर उतरताना भोवळ येते, म्हणून ३४ अंशांच्या आसपास थांबायचे असते. आमच्या भागात डोक्यावर फेटा, टोपी किंवा पदर असतो. परदेशी पुस्तकातले ९० मिलिमीटर इथे पुरत नाहीत; किती पुरतील, हे आमच्या अभियंत्यांनी स्वतः मोजून ठरवायला हवे.

तिसरा धडा खांबांचा, आणि तो मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. जुन्या बेसबॉल मैदानांत वरच्या मजल्याला आणि छपराला टेकू म्हणून खांब असत. फेनवेत ते अजून आहेत आणि त्यांच्यामागची तिकिटे 'दृश्याला अडथळा' असे सांगूनच विकली जातात. पुढे अभियंत्यांनी खांब काढले. पण वरच्या मजल्याला खालून आधार नसला की तो पुढे झुकवता येत नाही, मागे न्यावा लागतो. खांब गेले, आणि त्याबरोबर वरच्या मजल्यावरचा, स्वस्त तिकिटाचा माणूस मैदानापासून लांब गेला. प्रत्येक सुधारणेची किंमत कोणी तरी मोजतो. ती कोणाकडून वसूल होते आहे, हे आराखड्यावरच विचारले पाहिजे.

बेसबॉल मैदानांचा पुढचा इतिहास मी एका स्वतंत्र प्रकरणात सांगितला आहे. त्यातली तीन ठिकाणे इथे आठवतो. ह्यूस्टनमध्ये १९६५ साली संपूर्ण छताखालचे ॲस्ट्रोडोम उभे राहिले. छत पारदर्शक होते, म्हणून आत गवत जगत होते, पण त्या चकाकीत क्षेत्ररक्षकांना उंच उडालेला चेंडू दिसेना. छताला रंग दिला, तर गवत मेले. १९६६ मध्ये तिथे कृत्रिम गवत अंथरले आणि त्या गवताला ॲस्ट्रोडोमचेच नाव मिळाले. एका अडचणीवरचा उपाय दुसरी अडचण कशी जन्माला घालतो, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

दुसरे ठिकाण बाल्टिमोरचे कॅम्डन यार्ड्‌स, १९९२. त्याआधी तीसेक वर्षे अमेरिकेत बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल दोन्हींसाठी एकच गोल स्टेडियम बांधायची पद्धत पडली होती. दोन्ही खेळांची सोय करताना एकाचीही धड होत नव्हती. बाल्टिमोरने फक्त बेसबॉलसाठी, शहराच्या मध्यात, जुन्या रेल्वे यार्डाच्या जागी मैदान बांधले. तिथे विटांचे सुमारे हजार फूट लांबीचे जुने रेल्वे गोदाम होते. ते पाडले नाही, मैदानाची पार्श्वभूमी म्हणून राखले. त्यानंतर अमेरिकेत मैदाने पुन्हा शहरात परतू लागली.

तिसरे, सॅन फ्रान्सिस्कोचे, आज ओरॅकल पार्क नावाने ओळखले जाणारे मैदान, २००० सालचे. खाडीच्या अगदी काठावर. उजवीकडच्या भिंतीत कमानी ठेवून जाळी बसवली आहे आणि बाहेरच्या पायवाटेवरून जाणाऱ्या कोणालाही तिथे उभे राहून काही वेळ फुकट खेळ पाहता येतो. मला ही जागा त्या मैदानातल्या सगळ्या आरामदायी खोल्यांपेक्षा मोलाची वाटते. शेवटच्या पायरीच्याही पलीकडे, भिंतीबाहेर एक माणूस असतो. त्याच्याकडे तिकिटाचे पैसे नसतात. त्याचाही विचार एका स्थापत्यकाराने केला.

आता घराजवळ येऊ. मुंबईत १९३७ साली ब्रेबॉर्न स्टेडियम सुरू झाले ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. पुढे सामन्याची किती तिकिटे मुंबई क्रिकेट असोसिएशनला मिळावीत यावरून वाद होत राहिला आणि त्यातूनच जेमतेम मैलभरावर, सुमारे तेरा महिन्यांत, वानखेडे स्टेडियम उभे राहिले. जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिला कसोटी सामना झाला. म्हणजे देशातले एवढे प्रसिद्ध स्टेडियम जन्मले ते 'बसायचे कोणी' या प्रश्नातून. २०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडेचे रूप बदलले तेव्हा लांब बाकांच्या जागी सुट्या खुर्च्या आल्या आणि प्रेक्षकसंख्या कमी होऊन सुमारे ३३,००० वर आली. माणसे घटली, पण प्रत्येकाला स्वतःची जागा मिळाली. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमचे छप्पर मागच्या बाजूनेच तोललेले आहे, गॅलरीत मध्ये खांब नाही. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तो याच मैदानावर. त्या रात्री गॅलरीत मुली, आया, आज्या होत्या. क्रीडांगणे पुरुषांपुरती बांधण्याचे दिवस संपले, हे त्या गर्दीने सांगितले. न्यूयॉर्क शहराने २००५ मध्ये कायदाच केला की अशा नव्या वास्तूंत स्त्रियांसाठीची शौचालये पुरुषांच्या दुप्पट असावीत. मला तो वाचताना मावशी आठवली.

अहमदाबादचे १,३२,००० प्रेक्षकांचे नरेंद्र मोदी स्टेडियम ज्या कंपनीने आखले, त्याच कंपनीने, तेव्हाच्या वेगळ्या नावाने, कॅम्डन यार्ड्‌स आखले होते. बेसबॉलची विद्या क्रिकेटच्या दारात अशी केव्हाच येऊन पोहोचली आहे. ती आपल्या हवेत, आपल्या मातीत कशी रुजवायची, एवढाच प्रश्न आहे.

आणि इथेच हुबळी-धारवाडचा विचार सुरू होतो. ही जुळी शहरे वीस किलोमीटरवर, वर्षानुवर्षे एकाच महानगरपालिकेत राहिलेली, पण माती दोन तऱ्हेची. धारवाडकडे लाल माती आणि मलेनाडची चाहूल, हुबळीकडे काळी कापसाची जमीन. ही काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला तर गॅलरीच्या पायऱ्यांना काही वर्षांत तडे जातात, आणि मैदानाखाली वाळू-खडीचा थर आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या नसतील तर एका वळवाने दोन दिवसांचा खेळ वाहून जातो. बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर २०१७ मध्ये जमिनीखालून पाणी शोषून घेणारी यंत्रणा बसवली गेली, ती क्रिकेटच्या मैदानावरची जगातली पहिली. तेवढा खर्च प्रत्येक गावाला झेपणार नाही. पण योग्य उतार, थर आणि नळ्या एवढे तरी कोणत्याही गावाला जमण्यासारखे आहे.

पाण्याचे दुसरे टोक टंचाईचे. आमच्या शहरांना मलप्रभेचे पाणी येते आणि नळाची वाट पाहण्यात इथल्या दोन पिढ्यांच्या गृहिणींचे आयुष्य गेले आहे. महाराष्ट्रात २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला लावले होते. मैदान हिरवे ठेवताना शेजारच्या घागरी रिकाम्या राहणार असतील तर ते हिरवेपण डोळ्यांना बोचते. गॅलरीच्या छपरावर पडणारा पाऊस साठवणे आणि सांडपाणी शुद्ध करून गवताला देणे, हे आराखड्याच्या पहिल्या कागदावर असले पाहिजे.

उन्हाचेही तसेच. टेक्ससमधल्या आर्लिंग्टनचे १९९४ साली बांधलेले देखणे उघडे बेसबॉल मैदान २०१९ च्या हंगामानंतर संघाने सोडले, कारण उन्हाळ्यात तिथे बसवत नसे. २०२० मध्ये शेजारीच सरकत्या छताचे, वातानुकूलित मैदान उभे राहिले. सव्वीस हंगामांत एवढी वास्तू बेसबॉलसाठी निकामी ठरली. आमच्याकडे मार्च ते मे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि मग पश्चिमेला उतरतो. पश्चिमेच्या गॅलरीला पुढे झुकलेले छप्पर, पाठीमागच्या भिंतीत वारा खेळायला जाळ्या, पूर्वेच्या उघड्या पायऱ्यांवर झुकलेली चिंच-कडुलिंबाची झाडे, एवढ्यानेही दुपार सुसह्य होते. झाडाची सावली ही आपल्या देशाची सर्वांत जुनी गॅलरी आहे.

हुबळीच्या भर वस्तीतले नेहरू मैदान, राजनगरचे क्रिकेट मैदान, धारवाडचे आर. एन. शेट्टी स्टेडियम, ही आमची मैदाने. राजनगरला रणजी सामने झाले, कर्नाटक प्रीमियर लीगचे सामने झाले. गदगचा सुनील जोशी शाळकरी वयात रोज पहाटे साठेक किलोमीटरचा प्रवास करून सरावासाठी हुबळीत येई आणि परत जाऊन शाळा गाठी. त्याच सुनील जोशीने १९९९ मध्ये नैरोबीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध दहा षटकांत अवघ्या ६ धावा देऊन ५ बळी घेतले. त्या पोराला रोज येता-जाता आले, कारण मैदान गावात होते, रेल्वेच्या आवाक्यात होते. आज नवी स्टेडियम महामार्गालगत, शहराबाहेर, स्वस्त जमिनीवर बांधायची ओढ वाढली आहे. मोटार असलेल्याला ती गैरसोय वाटत नाही. गदगहून येणाऱ्या पोराला मात्र ती दारे बंद होतात. आमच्याकडे २०१८ पासून दोन्ही शहरांमध्ये राखीव मार्गावरून 'चिगरी' बस धावते. हुबळीच्या रेल्वे स्थानकाचा १,५०७ मीटर लांबीचा फलाट जगातला सर्वांत लांब मानला जातो. हजारो माणसांना आणण्या-नेण्याची ताकद शहरात आहे. क्रीडांगण तिच्या हातात हात घालून उभे राहावे.

माणसे आत येणे आणि सुखरूप बाहेर जाणे, हे या पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण आहे, आणि ते लिहिताना माझा हात अनेकदा थांबला. ४ जून २०२५ रोजी चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत चेंगरून ११ माणसे गेली. त्यांतली बहुतेक तरुण होती. इंग्लंडमध्ये १९८५ साली ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानातल्या लाकडी गॅलरीला आग लागली तेव्हा मागच्या बाजूची दारे बंद होती आणि ५६ जण दगावले. १९८९ मध्ये हिल्सबरो स्टेडियममध्ये झालेल्या चेंगराचेंगरीने ९७ जीव घेतले. या दुःखातून तिथे हिशेब पक्के झाले. सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला सुमारे ८२ माणसे जातात, जिन्यावरून ६६. गॅलरीतून मोकळ्या वाटेपर्यंत पोहोचायला आठ मिनिटांहून जास्त लागू नयेत. म्हणजे ३०,००० प्रेक्षकांसाठी सगळ्या दारांची मिळून रुंदी निदान ४६ मीटर, दीडशे फूट हवी, आणि त्यातले एकही दार कुलूपबंद नको. रोमच्या कलोसियमला दोन हजार वर्षांपूर्वी ८० कमानी होत्या, त्यांतल्या ७६ वर आकडे कोरलेले होते आणि प्रेक्षकाला आपली कमान आधीच माहीत असे. हे ज्ञान नवे नाही. ते वापरण्याची कळकळ दर पिढीला नव्याने मिळवावी लागते.

दाराचा हिशेब आत शिरतानाही तितकाच लागू असतो. आपल्याकडे आराखडा मैदानाच्या भिंतीपाशी थांबतो. खरे तर तो बसथांब्यापासून सुरू झाला पाहिजे. दाराबाहेर मोकळे पटांगण हवे, रांगा वळवायला जागा हवी, आणि आत जागा उरली नाही हे शेवटच्या माणसाला तो दाराशी येण्याआधीच कळेल अशी व्यवस्था हवी.

सोयींबद्दल थोडे. अमेरिकेतल्या नव्या मैदानांत खाण्याच्या टपऱ्या गॅलरीमागच्या रुंद वाटेवर असतात आणि ती वाट मैदानाकडे उघडी असते, म्हणजे रांगेत उभे राहूनही खेळ दिसतो. तान्ह्या बाळाच्या आईसाठी वेगळी खोली असते. चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी जागा प्रत्येक दराच्या तिकिटात असते, आणि पुढचे लोक उभे राहिले तरी त्याला दिसावे म्हणून ती उंचावर असते. २०१८ पर्यंत सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या तीसही मैदानांनी प्रेक्षकांना सुसाट चेंडूपासून वाचवणारी जाळी दोन्ही बाजूंना लांबवली, कारण आदल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये एका लहान मुलीला चेंडू लागला होता. आमच्या मैदानात त्या रुंद वाटेवर गिरमिट आणि मिरची भजी मिळावीत, धारवाडी पेढा मिळावा, आणि प्यायचे पाणी फुकट मिळावे. पाण्याची बाटली दारात काढून घेऊन आत ती चढ्या भावाने विकणे मला कोणत्याही नियमात बसवता येत नाही.

या पुस्तकाची मांडणी प्रेक्षकाच्या पावलांनी केली आहे. तो घरून निघतो, दारात येतो, जिना चढतो, बसतो, पाहतो, तहानतो, उठतो, परततो. प्रत्येक टप्प्याला एक प्रकरण. खेळाडूंच्या खोल्या, दिव्यांचे मनोरे, गवताचे प्रकार, दूरचित्रवाणीची सोय हे सारे त्या वाटेवर जिथे भेटते तिथे सांगितले आहे. स्थापत्याच्या विद्यार्थ्यांसाठी आकडे शेवटी तक्त्यांत दिले आहेत, पण नगरसेवकाला, शाळेच्या मुख्याध्यापकाला, तालीम मंडळाच्या अध्यक्षालाही हे पुस्तक वाचता यावे असा प्रयत्न केला आहे. बहुतेक मैदाने शेवटी त्यांच्याच सहीने उभी राहतात.

शब्दांविषयी एक खुलासा. स्टेडियम, गॅलरी, फ्लडलाइट हे शब्द मी तसेच ठेवले, कारण मैदानावरची माणसे तेच बोलतात. पण पायरी, हौदा, कट्टा, फलाट हेही शब्द आवर्जून वापरले. ते आपल्या बसण्याच्या सवयीतून आले आहेत. आमच्या सीमाभागातल्या मराठीत कानडी शब्द सहज मिसळतात, ते वाचकांना कुठे कुठे दिसतील. ते मी काढले नाहीत.

ऋण मानायचे ते अनेकांचे. पहाटे चारला उठून खेळपट्टीवर पाणी मारणारे माळी, सामन्यानंतर रिकाम्या गॅलरीत झाडू मारणाऱ्या बायका, दाराशी दिवसभर उभे राहणारे पोलीस, यांनी मला जे सांगितले ते कोणत्याही संहितेत नव्हते. झाडणाऱ्या एका बाईंनी सांगितले की सर्वांत जास्त कचरा सर्वांत वरच्या पायऱ्यांवर साचतो, कारण तिथे कचरापेटीच नसते. मी तीस वर्षे गॅलऱ्या आखल्या, पण ही गोष्ट मला कधी दिसली नव्हती.

काका आता नाहीत. गेल्या वर्षी पुतण्याच्या मुलाला घेऊन मी खासबागेत गेलो. कुस्ती नव्हती, मैदान रिकामे होते, शेजारच्या जळालेल्या नाट्यगृहाचे काम चालू होते. तो धावत वर गेला आणि शेवटच्या पायरीवर जाऊन बसला. मी खाली हौद्याच्या कडेला उभा राहून हळू आवाजात विचारले, "दिसतंय का रे?" तो वरूनच म्हणाला, "दिसतंय, आजोबा. आणि ऐकूपण येतंय."

धारवाड
गुढीपाडवा